भाभींनी निवडलेलं कापड

शमीमभाभी,

परवा तुमच्या जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुव्याला, शिरूरला आले होते. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या आणि तुमच्या हाताबद्दल बोलत होत्या. कुणी म्हणालं, शमीमच्या हातचा दालचा पुन्हा मिळायचा नाही. कुणी म्हणालं, सगळ्या शिरूरात ब्लाऊजचा गळा असा कुणाला जमायचा नाही. सगळं खरंच होतं. तुमची सून रेश्मा चहा घेऊन आली आणि तिनं मला विचारलं, "ताई, तुम्ही काय शिवून घ्यायचात अम्मींकडून?" मी म्हटलं, "कराटेचे ड्रेस." खोलीतल्या दोन बायकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं, दुःखानं माझ्या बोलण्याचा तोल गेला असावा.

मग मला पुढं काही सांगता आलं नाही. एवढ्या माणसांत कुठून सुरुवात करायची? दौंडला परत येताना एसटीत ठरवलं, हे तुम्हालाच सांगायचं. सगळं तुम्हाला माहीत आहे, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट तुम्हाला ठाऊक होती की नाही, याचाच मला अजून पत्ता नाही.

मी तेव्हा नववीत होते. शिरूरला शाळेच्या मैदानावर एक सर कराटे शिकवायचे. क्लासला आम्ही पोरी पाचच, बाकी सगळी पोरं. मी गावाहून सायकलवर यायचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, क्लासला होकार दिला होता तो "पोरगी सायकलवर एकटी येती-जाती, अंगात जोर असलेला बरा" एवढ्या हिशेबानं. क्लासमधून सगळ्यांना ड्रेस आणले होते. पांढरेशुभ्र, कडक, खळीचा वास येणारे. मी तो अंगात घालून आरशासमोर किती वेळ उभी होते ते आठवलं की आज हसू येतं. दोनदा धुतल्यावर खळ गेली आणि खाली राहिलं ते मच्छरदाणीपेक्षा जरा बरं कापड. पण तेव्हा मला काय कळत होतं?

दौंडला स्पर्धा होती. हॉल माणसांनी भरलेला, वर पत्र्याचं छप्पर, घामानं सगळे चिंब. दुसऱ्या लढतीत मी पाय उचलून लाथ मारली आणि पँट आसनापासून गुडघ्यापर्यंत टर्रकन फाटली. तो आवाज मला आधी ऐकू आला, मग हशा. मी तिथंच खाली बसले. सरांनी टॉवेल फेकला, तो कमरेला गुंडाळून मी बाहेर गेले. गुणांत मी पुढं होते, तरी लढत सोडली.

बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. आप्पा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. पारावर कुणीतरी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "काय आप्पा, पोरीनं दौंडला तमाशा दावला म्हणं?" आप्पा घरी येऊन एवढंच म्हणाले, "बास झालं आता." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

आईनं तो ड्रेस तुमच्याकडं आणला, तो दुरुस्तीला नव्हे. त्याच्या दोन पिशव्या शिवून घ्यायला. मीही सोबत होते, डोळे सुजलेले. तुम्ही पँट हातात घेतली, उलटी केली, शिवण बोटांनी चाचपली आणि आईला म्हणालात, "वहिनी, ह्याची पिशवीबी हुणार न्हाई. दोन किलो बटाटं घाला, बूड जाईल."

मग माझ्याकडं बघून विचारलंत, "हे घालून काय करत व्हतीस गं?"

आईनं थोडक्यात सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. एवढ्या दिवसांत हे ऐकून न हसणारं तुम्ही पहिलं माणूस होतात. म्हणालात, "पाय किती वर जातो तुझा? दाव बरं."

"इथं?"

"मग काय दौंडला जाऊन दावतीस?"

मशीन आणि कॉट यांच्यामध्ये हातभर जागा होती. मी परकर खोचला आणि लाथ मारली. फळीवरचा रिळांचा डबा खाली आला, रिळं घरभर. आई ओरडली. तुम्ही मात्र टेप गळ्यातून काढत म्हणालात, "आता तसाच धर. खाली आणू नगंस." आणि माझा पाय हवेत असताना तुम्ही माप घेतलंत. कमरेपासून घोट्यापर्यंत, मांडीच्या आतून, मागून. मी कॉटचा दांडा धरून एका पायावर थरथरत उभी, आणि तुम्ही शांतपणे आकडे वहीत लिहिताय.

"उभ्या माणसाचं माप घिऊन शिवलंय त्ये," तुम्ही आईला सांगितलंत. "हिला काय उभं ऱ्हायाचं हाय व्हय?"

आजवर किती शिंप्यांना, किती दुकानदारांना मी हे सांगितलं असेल. बहुतेकांना कळतच नाही. तुम्ही त्याआधी कराटे कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आई म्हणाली, घरातून परवानगीच नाही तर शिवून काय करायचं. तुम्ही म्हणालात, "ती मागनं बघू. आधी कापड बघू." आणि आम्हाला बाजारात घेऊन निघालात. तीन दुकानं झाली. प्रत्येक ठिकाणी तुम्ही कापड उजेडात धरायचात, मग दोन्ही तळव्यांत चोळून तळवे बघायचात, पांढरी भुकटी पडली की ठाण परत. कडेचा एक दोरा उपसून तोडून बघायचात. तिसऱ्या दुकानातला वैतागून म्हणाला, "भाभी, कापड घ्यायचंय का परीक्षा घ्यायचीय त्याची?"

"परीक्षाच हाय. ह्ये नापास झालं, दुसरं काढा."

त्यानं रागानं सगळ्यात जाड कापड पुढं टाकलं, ताडपत्रीचं धाकटं भावंडच. मला वाटलं, हेच घेणार. तुम्ही ते माझ्या खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, "मार बुक्की." मी मारली. "हात जड लागतो का?" लागत होता. "मग ह्येबी न्हाई. नुसतं जाड म्हंजी चांगलं न्हवं." चौथ्या दुकानात दवाखान्यातल्या कोटांसाठी आणलेलं सुती ड्रिल मिळालं. तिरक्या विणीचं, घट्ट, हाताला मऊ. तुम्ही त्याच्यावर हात फिरवला आणि मान डोलावली.

मी तेव्हाच शिवा म्हणून मागं लागले. तुम्ही कापड बादलीत बुडवून ठेवलंत. वाळवलंत आणि पुन्हा बुडवलंत. ते चार बोटं आटलं. "आटायचं ते माझ्या बादलीत आटू दे," तुम्ही म्हणालात. "तुझ्या अंगावर नगं."

ड्रेस शिवून झाला तेव्हा पँटच्या दोन पायांमध्ये चौकोनी कापड बसवलेलं होतं. तुम्ही त्याला मियानी म्हणायचात. सलवारीत, जुन्या विजारीत ती असते, तुमच्या सासऱ्यांनी शिकवली होती. तिच्यामुळं पाय कसाही फाकला तरी शिवणीवर ताण येत नाही. तसाच तुकडा काखेत. गळ्याच्या पट्टीवर शिलाईच्या सहा ओळी. कमरेला इलॅस्टिक नाही, नाडी. जॅकेटच्या आतून एक जादा बंद, झटापटीत ते उघडू नये म्हणून. तो बंद सरांनीही कुठं पाहिला नव्हता. मी तुमच्या खोलीत तो घालून ठोसा मारला तर बाहीचा फट्ट आवाज झाला. तुम्ही दचकलात आणि मग म्हणालात, "अजून येकदा."

तिसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या गावी आलात. न सांगता, एसटीनं, पुढं फाट्यापासून चालत. डोक्यावर पदर, हातात पिशवी. आप्पा ओट्यावर बसले होते, शेजारी नामदेवतात्या, ज्यांनी पारावर तो प्रश्न विचारला होता. मी दाराआड उभी होते.

आप्पा तुम्हाला मान द्यायचे. "बसा भाभी, च्या घ्या," म्हणाले. तुम्ही आधी बसला नाहीत.

"आप्पा, पोरीचं बंद केलं म्हणं."

"भाभी, पोरीची जात हाय. लोकं नावं ठेवत्यात."

"बैलाच्या गळ्यातली सापती तुटली तर तुम्ही बैल इकता का सापती बदलता?"

तात्या हसले. तुम्ही पिशवीतून पँट काढलीत, एक पाय आप्पांच्या हातात दिलात, दुसरा तात्यांच्या. "वढा."

"आवो भाभी..."

"वढा म्हंते ना. जोर लावून. फाटली तर मी हितनं उठून जाते, परत इषय काढायची न्हाई."

दोन म्हातारी होत आलेली माणसं ओट्यावर पँट ओढू लागली. आधी लाजत, मग खरंच जोर लावून. तात्यांनी तर भिंतीला पाय लावला. तात्यांच्या हातून पाय सुटला आणि ते मागं आदळले, पण शिवण हलली नाही. आप्पांना हसू आवरेना. मी त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग हसू ओसरलं आणि त्यांनी हळू आवाजात, तात्यांना ऐकू जाऊ नये असं, विचारलं, "आरपार दिसत न्हाई ना काय?"

तेव्हा मला कळलं, आप्पांना काय लागलं होतं. राग माझ्यावर नव्हताच.

तुम्हीही आवाज खाली आणलात. "उन्हात धरून बघा, आप्पा. चूक कापडाची व्हती. पोरीची न्हवती."

आप्पा अंगणात गेले. दोन्ही हातांनी पँट सूर्यासमोर धरून उभे राहिले, बराच वेळ. आत आले, घडी घातली, त्यांना जमेल तशी, वाकडी. आणि आईला हाक मारून म्हणाले, "सोमवारपासून जाऊ दे तिला."

पुढच्या वर्षी त्याच हॉलात मी शेवटच्या लढतीपर्यंत गेले. हरले. पण उभी राहून हरले, आणि घरी जायच्या आधी तुमच्याकडं आले. तुम्ही विचारलंत, "शिवण?" मी म्हटलं, "जशीच्या तशी." तुम्ही म्हणालात, "मग बाकीचं तू बघ."

आपलं भांडण मात्र कायम राहिलं. मला ड्रेस फिटिंगचा हवा असायचा. फोटोतल्या मोठ्या खेळाडूंसारखा. तुम्ही दर वेळी दोन बोटं जास्त सोडायचात. "फिटिंग लग्नात कर. हितं वारा खेळू दे." काळा पट्टा मिळाला तेव्हाचा ड्रेससुद्धा तुम्ही सैलच शिवलात आणि मी तुमच्यावर दोन दिवस फुगून होते. अजूनही माझं म्हणणं आहे, भाभी, की एक बोट पुरलं असतं. हे मिटलेलं नाही, लक्षात असू द्या.

सन दोन हजारात माझं लग्न होऊन मी दौंडला आले. सासर रेल्वेतलं. सासूबाईंना मी क्लास काढते म्हटल्यावर आनंद झाला नव्हता, पण त्यांनी अडवलंही नाही. पोरींचाच क्लास. पहिल्या तीन वर्षांचे सगळे ड्रेस तुम्ही शिवलेत. मी मापं घेऊन यायचे, तीही पाय वर धरून घेतलेली. एक पोरगी यवतहून बसनं यायची, पूजा. बुजरी, पण लाथ अशी की समोरच्याला जागा बदलायला लागावी.

आता ती गोष्ट सांगते.

चौथ्या वर्षी एक विक्रेता क्लासवर आला. गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग, ड्रेसच्या छातीवर भरतकाम केलेलं लेबल, खांद्यावर पट्ट्या. पालकांना ते आवडलं. "मॅडम, घरगुती शिवलेलं आणि कंपनीचं यात फरक असतोच ना," असं एक आई म्हणाली. मला पटलं नव्हतं. पण मला लाज वाटली, भाभी. कशाची, ते आज नीट सांगता येत नाही. इतर क्लासच्या पोरी लेबलवाल्या आणि माझ्या पोरी शिरूरच्या गल्लीत शिवलेल्या, याची असेल. मी कापड उन्हात धरलं नाही, तळव्यांत चोळलं नाही. सगळ्या क्लासचे ड्रेस त्याच्याकडून मागवले.

त्या दिवाळीत माहेरी आले होते. तुमच्याकडं आले तेव्हा तुम्ही शेवया भाजत होतात. विचारलंत, "औंदा पोरींची मापं आणली न्हाईस?"

"औंदा नवीन पोरी कमी आल्यात, भाभी."

मी तुमच्याकडं बघून हे बोलले. तुम्ही म्हणालात, "येतील." आणि मला शेवया खायला दिल्यात.

दोन महिन्यांत पँटी नडगीवर आल्या. कॉलर गुंडाळू लागली. ते एक वेळ चाललं असतं. पण एका शनिवारी सरावात पूजा मध्येच थांबली, हात छातीवर घट्ट बांधून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि पुन्हा मैदानात आली नाही. पुढच्या आठवड्यात ती आलीच नाही. तिची आई भेटायला आली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "मॅडम, घाम आला की त्यातनं सगळं दिसतं. बाहेर पोरं उभी असतात. तुमच्या लक्षात आलं न्हाई का?"

दौंडच्याच हॉलात टॉवेल गुंडाळून बाहेर पडलेली मी. आणि माझ्या लक्षात आलं नाही.

तिनं परत केलेला पूजाचा ड्रेस घेऊन मी दुसऱ्याच दिवशी तुमच्या दारात उभी राहिले. नुसती पिशवी पुढं केली. तुम्ही तो उलटा केलात, खिडकीत नेलात, लेबल वाचलंत. नवाकोरा होता, हे कुणालाही दिसलं असतं. मी वाट बघत होते की तुम्ही आता बोलाल. बोलला असतात तर मी तुमच्या पाया पडले असते आणि सगळं सांगून मोकळी झाले असते.

तुम्ही म्हणालात, "शिलाई चांगली हाय. मशीन भारी असंल. ह्यो खांद्याचा जोड बघ कसा घेतलाय, मला असा जमत न्हाई, शिकायला पायजे." मग कापड दोन बोटांत धरलंत. "ह्याला मातुर कुणी बघितलंच न्हाई."

थोड्या वेळानं विचारलंत, "ज्या पोरीचा हाय, ती येती का अजून?"

"नाही."

"मग आधी तिच्याकडं जा. माप घिऊन ये. बाकीच्या पोरींचं मागनं बघू."

मी यवतला गेले. पूजा आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हती. मी तिला माझी नववीतली गोष्ट सांगितली, टॉवेलसकट, आप्पा आणि तात्यांसकट. गोष्ट तात्यांपाशी आली तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. पाचव्या दिवशी तिचा ड्रेस तयार होता. खांद्याचा जोड तुम्ही कंपनीसारखा घेतला होता, उसवून उसवून जमवलेला. पूजा परत आली. आज ती माझ्या लहान पोरींना शिकवते.

पण मी तुमची माफी मागितली नाही. आज मागू, पुढच्या वेळी मागू, असं करत वर्षं गेली. मग साखरेनं तुमच्या डोळ्यांवर घाला घातला आणि तुम्ही मशीन बंद केलंत. तरी माझ्याबरोबर कापड बघायला यायचात. दुकानात खुर्चीवर बसून ठाणावर नुसता हात फिरवायचात आणि हो की नाही सांगायचात. एकदा एका ठाणावर हात ठेवून म्हणालात, "ह्ये काय हाय, तू सांग." मी म्हटलं, "भाभी, तुम्ही असताना मी कशाला?" तुम्ही चिडलात. मला पहिल्यांदाच एवढ्या रागानं बोललात. "मी काय जल्मभर पुरणार हाय व्हय? तुझं तू बघ. आन् पोरींनाबी बघू दे, नुसतं घालायला शिकवू नगंस."

तेव्हा मला राग आला होता. तुमचं चुकलं नव्हतं, म्हणून जास्त.

तर भाभी, मी खोटं बोलले होते. त्या दिवाळीत पोरी कमी नव्हत्या. जास्त होत्या. तुम्हाला कळलं होतं की नाही, आता कुणाला विचारणार? कळलं असेल तर तुम्ही मला माझ्या लाजेसकट शेवया खायला घातल्यात. नसेल कळलं, तर आता सांगितलं. तुमच्या माघारी सांगण्यात काही शौर्य नाही, हे मला ठाऊक आहे. पण न सांगता पुढच्या पोरींसमोर उभी राहणार नव्हते.

जियारतीहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. यंदाच्या नव्या पोरींचे ड्रेस व्हायचे होते. त्या कॅटलॉगवाल्याचा माणूस पुन्हा फोन करत होता. त्याला नाही सांगितलं. सगळ्या पोरींना घेऊन बाजारात गेले. पूजाही होती. दुकानदारानं एवढी पलटण बघून आनंदानं ठाण उलगडलं. मी बोलायचं नाही, असं ठरवून मागं उभी राहिले. सोपं नव्हतं ते.

पोरींनी कापड चोळलं, ताणलं, वास घेतला, आपसांत भांडल्या. सगळ्यांत लहान सानिया, सहावीतली, काहीच करत नव्हती. मग तिनं दप्तरातली पाण्याची बाटली काढली, ठाणाच्या टोकावर पाणी ओतलं आणि ते ओलं टोक आपल्या तळहातावर पसरलं.

"अगं ए, कापड भिजवलंस की!" दुकानदार ओरडला.

"घाम आल्यावर भिजणारच हाय," ती म्हणाली. तळहात त्याच्यासमोर धरला. "ह्या बघा माझ्या रेषा दिसत्यात. न्हाई चालणार."

दुकानदार माझ्याकडं वळला. "मॅडम, सांगा की हिला काहीतरी. चांगला माल आहे."

मी म्हटलं, "ड्रेस तिला घालायचाय. तिच्याशीच बोला."

त्यानं ठाणाचं ओलं टोक झटकलं. सानियानं ठाण स्वतःच गुंडाळलं, दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढं ठेवलं आणि दुकानाची पायरी उतरली. बाकीच्या तिच्या मागोमाग. पुढच्या दुकानाचं शटर अजून अर्धंच उघडलं होतं. त्या वाकून आत शिरल्या.